दोरी ओढायची कशी? युरोपातले क्रॉसबो आणि ते ताणायची अवजारं

रहाटगाडगं (धागाकर्ता)

लाँगबो (माणसाएवढं लांब, हाताने ओढायचं लाकडी धनुष्य) भारी की क्रॉसबो (दांड्यावर आडवं बसवलेलं, चापाने सोडायचं धनुष्य), हा वाद कुठेही निघाला की कुणीतरी हमखास आकडा फेकतो. "क्रॉसबोची ओढ हजार पौंड, लाँगबोची दीडशे. विषय संपला." माझ्या मते विषय तिथे सुरू होतो. हजार पौंड म्हणजे साडेचारशे किलो. एवढी ताठ दोरी एका माणसाने ओढून अडकवायची कशी? आणि शत्रू समोरून येत असताना त्यात किती वेळ जाणार? युरोपातल्या क्रॉसबोचा चारपाचशे वर्षांचा इतिहास मला तरी धनुष्याचा कमी आणि दोरी ओढायच्या युक्त्यांचा जास्त वाटतो. म्हणून हा धागा.

सुरुवातीला युक्ती वगैरे काही नव्हतीच. बायझंटाइन राजकन्या अ‍ॅना कॉम्नेनी हिने बाराव्या शतकात वडिलांच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिला. पहिल्या धर्मयुद्धात पश्चिमेकडून आलेल्या 'रानटी' लोकांचं हे हत्यार तिला इतकं नवं होतं की तिने ते बैजवार सांगितलंय. माणूस जवळजवळ पाठीवर आडवा होतो, दोन्ही पाय धनुष्याच्या कमानीला रोवतो आणि दोन्ही हातांनी दोरी जिवाच्या आकांताने खेचतो. म्हणजे पाय, पाठ, हात सगळं लावून जेवढं जमेल तेवढंच धनुष्य बलवान.

मग दांड्याच्या टोकाला रिकीब आली आणि कमरेच्या पट्ट्याला आकडा आला. माझ्या लेखी सगळ्यात हुशार सुधारणा हीच, कारण यात यंत्र असं काहीच नाही. क्रॉसबो तोंड खाली करून उभा धरायचा, एक पाय रिकिबीत घालायचा, वाकून पट्ट्याचा आकडा दोरीत अडकवायचा आणि सरळ उभं राहायचं. संपलं. हातांचं काम मांड्यांनी केलं. ज्या माणसाला दोन्ही हातांनी साठ-सत्तर किलो ओढताना घाम फुटेल, तोच माणूस उठून उभा राहताना त्याहून कितीतरी जास्त उचलतो. तेराव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजदरबारी नोंदींत क्रॉसबोंची वर्गवारीच 'एका पायाचे', 'दोन पायांचे' आणि 'रहाटाचे' अशी आहे. धनुष्य किती पौंडांचं हे लिहीत नाहीत, ते ताणायचं कशाने हे लिहितात!

पट्ट्याला कप्पी लावली की ओढ निम्मी होते. दोरखंडाचं एक टोक दांड्याला, दुसरं पट्ट्याला, मधल्या कप्पीचा आकडा क्रॉसबोच्या दोरीत. उभं राहताना अंतर दुप्पट कापावं लागतं एवढंच.

पुढे आली बकरीच्या खुराची तरफ. दुभंगलेल्या खुरासारखी दोन वाकडी बोटं दांड्याच्या दोन्ही बाजूंच्या खिळ्यांवर टेकतात, त्यांना बिजागरीने जोडलेली जोडपकड दोरी धरते आणि लांब मूठ मागे खेचली की दोरी जागेवर. काही सेकंदांचं काम, वजनाला हलकी, घोड्यावर बसूनही चालते. मात्र फार जड धनुष्याला ती पुरत नाही.

जड धनुष्यांसाठी पंधराव्या शतकात दोन यंत्रं ठळकपणे दिसतात. एक रहाट. दांड्याच्या बुडावर टोपीसारखा बसतो, दोन बाजूंना दोन हँडल, पुढे कप्प्यांची आणि दोऱ्यांची जाळी, टोकाला आकडे. पाय रिकिबीत घालून दोन्ही हातांनी विहिरीवर पाणी काढावं तसा फिरवायचा. ताकद अफाट. पण झाडण्याआधी सगळं लटांबर काढून बाजूला ठेवावं लागतं, आणि पुढच्या वेळी त्या दोऱ्यांचा गुंता झालेला असतो. तटबंदीवर किंवा मोठ्या ढालीच्या आड उभं राहून लढणाऱ्याला ठीक आहे.

दुसरं म्हणजे जर्मन मुलखाचं लाडकं क्रेनक्विन. दातेरी पट्टी, तिला फिरवणारी दातेरी चाकं एका गोल डबीत बंद, बाहेर एक लांब हँडल. आपल्याकडे मोटारीचं चाक बदलायला जो दातेरी जॅक मिळायचा त्याचाच हा पणजोबा. डबीला बांधलेला दोरखंडाचा फास दांड्यावर सरकवायचा, तो मागच्या पोलादी खिळ्यांना अडतो. पट्टीच्या टोकाचा दुहेरी आकडा दोरीत अडकवायचा आणि हँडल फिरवत बसायचं. पाय लागत नाही, वाकावं लागत नाही, त्यामुळे खोगिरावर बसून निवांत वापरता येतं. बर्गंडीच्या सैन्यात घोडेस्वार क्रॉसबोवाल्यांना या यंत्रावरूनच 'क्रेनक्विनिए' म्हणत. अर्ध्या-पाऊण मिनिटाचं काम आहे, घाईच्या माणसाचं नाही. शिकारी सरदारांना मात्र ते इतकं आवडलं की त्यावर नक्षी, कोरीवकाम, कुलचिन्हं असा थाट असायचा.

थोडक्यात प्रत्येक अवजार वेळ देऊन ताकद विकत घेतं. कुणी किती वेळ द्यायचा, हे तो कुठे उभा आहे यावर ठरतं.

---

भर_दुपारी

जबरी धागा! गेममध्ये मी क्रॉसबो दीड सेकंदात भरतो, त्यामुळे आता वाईट वाटतंय. रहाटवाल्याचा वेग मिनिटाला किती धरायचा?

---

रहाटगाडगं

@भर_दुपारी, रहाटाने मिनिटाला एक, हात बसलेला असेल तर जेमतेम दोन. पट्ट्याच्या आकड्याने किंवा तरफेने त्याच्या दुपटी-तिपटीने. लाँगबोवाला तेवढ्यात आठ-दहा बाण सोडू शकतो, पण दीडशे पौंडांचं धनुष्य त्या वेगाने फार वेळ कुणीच ओढत नाही.

---

सांगलीचा_फिटर

लेख आवडला. पण पौंडांचा मुद्दा अर्धवट सोडलात, तो मी पुरा करतो.

धनुष्यात साठणारी ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर, आणि बल शून्यापासून वाढत जातं म्हणून ढोबळमानाने त्याच्या निम्मी. लाँगबो 150 पौंड, म्हणजे सुमारे 667 न्यूटन. दोरी मागे येते साधारण 63 सेंटीमीटर. निम्मं केलं की 210 ज्यूल. क्रॉसबो 1000 पौंड, 4450 न्यूटन, पण दोरीचा प्रवास फक्त 15 सेंटीमीटर. निम्मं केलं की 334 ज्यूल. बल जवळपास सातपट, ऊर्जा दीडपट!

आता पुढची गंमत. जड पोलादी कमान आणि बोटाएवढी जाड दोरी, या दोन्ही स्वतःच वेगाने पुढे जातात आणि साठलेल्या ऊर्जेतला मोठा वाटा गिळतात. क्रॉसबोची कार्यक्षमता 40 टक्के आणि लाकडी लाँगबोची 65 टक्के धरली, तर दोन्हींच्या बाणाला मिळतात 135 ज्यूलच्या आसपास. म्हणजे बरोबरी. टक्के मी धरलेले आहेत, धनुष्यागणिक बदलतील, पण चित्र हेच राहतं.

आणखी एक. 334 ज्यूल म्हणजे दहा किलोची बादली साडेतीन मीटर वर काढणं. काम काही फार नाही. अडचण एवढीच की ते सगळं काम वीतभर अंतरात कोंबलंय, म्हणून कप्पी, तरफ, दातेरी चाकं लागतात. गिअरबॉक्सवाल्या माणसाला हे लगेच पटेल.

---

कोळपे

@फिटर, मग कमान लांब करून दोरीचा प्रवास का वाढवला नाही? चिनी क्रॉसबोंचा चाप दांड्याच्या अगदी मागच्या टोकाला असायचा ना? हान राजघराण्याच्या काळातल्या क्रॉसबोची दोरी दीड फुटाच्या आसपास मागे यायची असं वाचलंय. कमी पौंडात जास्त काम.

---

सांगलीचा_फिटर

बरोबर आहे तुमचं. चिनी रचना माझ्या हिशेबानेही सरस. त्यांच्याकडे ओतीव काशाचा बंदिस्त चाप होता, तो मागे बसवता यायचा. युरोपात दोरी अडकायची सांबरशिंगाच्या एका गोल फिरकीत, तिला खालून लांब दांडीचा चाप धरून ठेवायचा. ही फिरकी ते दांड्याच्या मध्याच्या पुढे बसवत, मागचा भाग गालाखाली किंवा खांद्यावर. शिवाय आखूड जाड पोलादी कमान जास्त वाकवली तर तुटेल. लांब केली तर वजन वाढलं, भिंतीच्या झरोक्यात मावणार नाही, घोड्यावर आडवी येणार. ते आखूडपणात अडकले आणि मग पौंड वाढवत सुटले, असं माझं मत.

---

हेमाडी

एवढी चर्चा झाली आणि इंग्रज-फ्रेंचांची क्रेसीची लढाई अजून आली नाही? 26 ऑगस्ट 1346. फ्रेंचांनी भाड्याने आणलेले इटलीतल्या जिनोव्हाचे क्रॉसबोवाले पुढे गेले, पाऊस पडून गेलेला, दोऱ्या ओल्या. इंग्रजांनी दोऱ्या काढून कोरड्या ठेवल्या होत्या. पुढे इंग्रजी बाणांचा वर्षाव, जिनोव्हावाले मागे वळले आणि फ्रेंच सरदारांनी आपल्याच लोकांच्या अंगावर घोडे घातले. क्रॉसबोचं अपयश याहून स्पष्ट काय हवं?

---

रहाटगाडगं

@हेमाडी, क्रेसीची साक्ष क्रॉसबोविरुद्ध काढणं मला पटत नाही. जिनोव्हाचा क्रॉसबोवाला एकटा लढतच नसे. त्याच्याबरोबर माणूसभर उंचीची ढाल असायची, ती रोवून तिच्या आड तो दोरी ताणायचा. त्या दिवशी त्या ढाली आणि जादा बाण मागे सामानाच्या गाड्यांत राहिले होते. दिवसभर चालून आलेले लोक, उतरत्या उन्हात, चढावर, ढालीविना पुढे ढकलले. दोरी ताणायला वाकलेला माणूस म्हणजे उघडं सावज. हे हत्याराचं अपयश नाही, फ्रेंच सरदारांच्या घाईचं आहे.

ओल्या दोऱ्यांचं म्हणाल तर ती गोष्ट फ्रेंच बाजूच्या इतिवृत्तात येते. हरलेल्याला सबब हवीच असते. तरी तांत्रिक तथ्य त्यात आहे. लाँगबोची दोरी एका हाताच्या झटक्यात काढून टोपीखाली ठेवता येते. जड क्रॉसबोची नाही. ती चढवायला आणि उतरवायलाच वेगळी मदतीची दोरी नाहीतर चिमटे लागतात.

---

हेमाडी

ढालींचं मान्य. पण मग 1415 च्या अजिंकूरच्या लढाईचं काय? तिथेही फ्रेंचांकडे क्रॉसबोवाले होते.

---

रहाटगाडगं

होते, आणि त्यांना मागे उभं केलं होतं. पुढच्या रांगेतला मान सरदारांना हवा होता. झाडायची संधीच मिळाली नाही तर बिचारं हत्यार काय करणार :)

उलट उदाहरण हवं असेल तर बोहेमियातले (आजच्या चेकियातले) हुसाइट, म्हणजे चर्चविरुद्ध उठलेले बंडखोर घ्या. 1420 च्या दशकात यान झिझ्काने शेतकऱ्यांना चिलखती गाड्यांच्या कोटात उभं केलं. हाती क्रॉसबो, सुरुवातीच्या हातबंदुका आणि झोडपणी. समोर चिलखती सरदार. गाडीच्या फळीआड दोरी ताणायला वेळ मिळतो, सगळा फरक तिथे पडला.

---

भर_दुपारी

ऊर्जा सारखीच, वेग कमी, किंमत जास्त, पावसात कटकट. मग लोक क्रॉसबो घेतच का होते?

---

निमा

@भर_दुपारी, मी सांगू का? कारण ताणलेला क्रॉसबो ताणलेलाच राहतो. लाँगबोवाला दीडशे पौंड ओढून नेम धरत थांबू शकत नाही, खांदा थरथरायला लागतो. क्रॉसबोवाला झरोक्याआड बोल्ट (क्रॉसबोचा आखूड बाण) लावून कितीतरी वेळ वाट बघत बसू शकतो, कुणी डोकं वर काढलं की चाप दाबायचा. वेढ्याच्या लढाईत हेच लागतं, आणि मध्ययुगात मैदानी लढायांपेक्षा वेढेच जास्त. इंग्लंडचा राजा रिचर्ड लायनहार्ट असाच गेला. 1199 मध्ये फ्रान्समधल्या शाल्युसच्या किल्ल्याबाहेर फिरताना तटावरून आलेला बोल्ट खांद्यात बसला, जखम चिघळली, 6 एप्रिलला खेळ खल्लास.

दुसरं म्हणजे तालीम. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डला 1363 मध्ये हुकूम काढावा लागला की सणासुदीला धडधाकट पुरुषांनी इतर खेळ सोडून धनुर्विद्येचा सराव करावा. लाँगबोला लहानपणापासून अंग तयार करावं लागतं. क्रॉसबोला शहरातला विणकर किंवा खाटीक चालतो. फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियममधल्या) शहरांत, घेंट-ब्रुजमध्ये, क्रॉसबोवाल्या नागरिकांच्या सेंट जॉर्जच्या नावाने मंडळ्या होत्या. त्यांच्या स्पर्धा, मेजवान्या, मिरवणुका, एकदम मंडळाच्या गणपतीचा उत्साह.

कमानीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून थोडं अवांतर. सगळे क्रॉसबो पोलादी नव्हते. पोलादी कमानी पंधराव्या शतकात सर्रास झाल्या. त्याआधी आणि जर्मन भागात नंतरही बराच काळ शिंगाच्या पट्ट्या, लाकूड आणि जनावरांच्या स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवून कमान करत, वरून बर्चच्या सालीचं आवरण. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात वुर्टेम्बर्गचा काउंट उलरिख पाचवा याचा 1460 चा असा क्रॉसबो आहे. शिंगाची कमान पोलादापेक्षा हलकी, म्हणून फिटर म्हणतात ती गळती कमी. आणि आल्प्सच्या थंडीत पोलाद कडकन तुटायची भीती, शिंगाला ती नाही. सरसाला ओल चालत नाही म्हणून सालीचं पांघरूण. हिवाळी शिकारीला जाणाऱ्यांनी जुनं तंत्र का सोडलं नाही हे यावरून कळतं.

---

सांगलीचा_फिटर

@निमा, हे भारी! सालीचं कारण माहीत नव्हतं.

---

चावडीवरचा_बाप्या

पोपने क्रॉसबोवर बंदी घातली होती म्हणे? सरदारांना शेतकऱ्याने मारलेलं चालत नव्हतं म्हणून?

---

निमा

1139 ची चर्चची दुसरी लॅटरन परिषद, 29 वा नियम. त्यात फक्त क्रॉसबोवाले नाहीत, साधे धनुर्धारीही आहेत, आणि बंदी आहे ती ख्रिस्ती लोकांविरुद्ध वापरण्यावर. 'सरदारांना वाचवायला' हे कारण नियमात कुठे नाही, ते मागाहून चिकटवलेलं. पाळला कुणी? कुणीच नाही. त्या नियमानंतर साठ वर्षांनी रिचर्ड त्याच हत्याराने मेला आणि स्वतः तोही क्रॉसबोचा मोठा चाहता होता.

---

मांडवी

गोंयकाराची एक भर. ही वस्तू आपल्या किनाऱ्यापर्यंत आली होती. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीत, 1497 साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या मॉसेल बेला, धाक दाखवायला ताणलेले क्रॉसबो घेऊन माणसं किनाऱ्यावर उतरवल्याचा उल्लेख आहे. 1510 मध्ये आफोंसो द आल्बुकर्कने गोवा घेतलं त्या काळातल्या पोर्तुगीज तुकड्यांत बंदुकवाल्यांबरोबर क्रॉसबोवालेही असत. पण तो त्याचा उतरता काळ. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लढाईत बंदुकीने त्याची जागा घेतली. आमच्याकडे तोफा राहिल्या, क्रॉसबो विसरले.

---

कोळपे

बंदुकीने हरवलं म्हणजे नक्की कशात? सुरुवातीच्या बंदुकीचा नेम क्रॉसबोपेक्षा वाईटच होता.

---

रहाटगाडगं

नेमात हरवलं नाही, ओढण्यात हरवलं. बंदुकीत दोरी ओढायचीच नाही, सगळं काम दारू करते. वर चिलखत फोडण्यात शिशाची गोळी कितीतरी पुढे. शिवाय नळी ठोकणं हे शिंग-स्नायूंची कमान सरसाने महिनोन् महिने वाळवत बसण्यापेक्षा सोपं. शिकारीत मात्र क्रॉसबो टिकला. आवाज नाही, धूर नाही, कळप उधळत नाही.

---

म्युनिकस्थ

अजून जिवंत क्रॉसबो बघायचा असेल तर इटलीत गुब्बिओला जा. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी गुब्बिओ विरुद्ध सान्सेपोल्क्रो अशी स्पर्धा, परतीचा सामना सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी सान्सेपोल्क्रोत. क्रॉसबो प्रचंड मोठे, बाकावर टेकवूनच वापरायचे, लक्ष्य 36 मीटरवर. शेवटी लाकडी लक्ष्यावर इतके बोल्ट एकमेकांना खेटून रुतलेले असतात की पंच बराच वेळ मापं काढत बसतात. गर्दीत फार काही दिसत नाही, पण कमान सुटल्याचा आवाज चौकभर घुमतो. दोरी ताणताना प्रेक्षक गप्पा मारतात, ते सगळ्यात खरं वाटलं.

आमच्याकडे ऑक्टोबरफेस्टमध्येही 1895 पासून क्रॉसबोवाल्यांचा स्वतंत्र तंबू आहे. बहुतेकांचं लक्ष बिअरकडे असतं ते सोडा.

---

चावडीवरचा_बाप्या

गॅरेजमध्ये ट्रकचा जुना पाटा पडलाय. कापून कमान करता येईल का? दोरी नायलॉनची.

---

सांगलीचा_फिटर

बाप्याभाऊ, आधी नाही म्हणतो, मग कारणं देतो. पाट्याचं पोलाद स्प्रिंगचंच असतं, त्यामुळे कल्पना वेडी नाही, हौशी लोक असं करतातही. पण जुन्या पाट्यात कुठे बारीक तडा आहे हे डोळ्याला दिसत नाही. गॅस कटरने कापलात तर कडेचं पाणी उतरतं आणि कमान नेमकी तिथून जाते. शेकडो किलोचा ताण असताना तुटलेला तुकडा कुठे जाईल याचा भरवसा नाही, आणि ताणणाऱ्याचं तोंड बरोबर वर असतं. दुसरं, बोल्ट न लावता रिकामा चाप कधीच दाबायचा नाही. सगळी ऊर्जा परत कमानीत आणि दोरीत जाते.

नायलॉन तर अजिबात नको. ते ताणतं, मग दोरी दर वेळी वेगळ्या जागी येणार. जुने लोक हेंपच्या (भांगेच्या खोडाच्या तंतूंच्या) किंवा जवसाच्या सुताचे कितीतरी पेड एकत्र घेऊन दोन खुंट्यांवर सारख्या ताणाने गुंडाळत, दोन्ही टोकांना फास ठेवत आणि मधला भाग, जिथे फिरकीची बोटं आणि बोल्ट लागतो, तो वरून घट्ट सुताने वेढत. मेण लावत. हौसच असेल तर आधी नुसती दोरी वळून बघा. एकसारख्या ताणाने पन्नास-साठ फेरे घेणं हेच पुरेसं अवघड आहे.

---

चावडीवरचा_बाप्या

पाटा भंगारात देतो. सूत कुठलं घेऊ? किराणा दुकानातली सुतळी चालेल?

---

निमा

सुतळी ज्यूटची असते, तिचे तंतू आखूड, लगेच पिंजते. चपला शिवायचा जवसाचा दोरा मिळाला तर बघा, मोची लोक मेण लावलेला वापरतात. फेरे घेताना एक धागाही सैल राहिला तर बाकीच्यांवर भार येतो आणि दोरी आतून एकेक करून तुटत जाते, म्हणून खुंट्या लाकडाच्या फळीत पक्क्या ठोका, हलणाऱ्या नकोत.